मे महिन्यातला हीटर

केळशीकर सरांनी खोकं काउंटरवर ठेवलं तेव्हा
नाना पेठेत बेचाळीस होतं.
मोईन म्हणाला, कूलर असेल.
निघाला हीटर. डिझेलवर चालणारा,
पावाच्या लादीएवढा,
सोबत अंगठ्याएवढा पंप, पांढरी नळी
आणि चिनी भाषेतलं माहितीपत्रक.
"सुमोत बसवायचा. जूनमध्ये लेह.
हॉटेल नाही, गाडीतच झोपायचं ठरलंय."
मागच्या सीटवरून शैलाताई म्हणाल्या,
"ह्यांचं ठरलंय. मला कोजागिरीलाच कानटोपी लागते."

तीस वर्षं ह्या गल्लीत मी लोकांना गार करतोय.
गॅस भर, कॉम्प्रेसर उतरव, पंख्याचा फ्यूज बघ.
गरम करून द्या म्हणणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.

सीटखाली चार भोकं पाडली.
टाकीत नळी सोडली, तळापासून दोन बोटं वर,
गाळ आपला तळाशी राहू दे.
धुराची नळी खालून, मागे, खिडक्यांपासून लांब.
इथे मात्र थट्टा नाही.
सरांना चाकाशी उकिडवं बसवलं,
एकेका क्लॅम्पवर बोट ठेवायला लावलं.
ह्या धुराने ठसका लागत नाही, म्हटलं,
झोपलेल्याला हा झोपलेलाच ठेवतो.
शैलाताई खाली उतरल्या, गुडघा धरून वाकल्या,
आणि त्यांनीही सगळ्या क्लॅम्पवर बोट ठेवलं.

पहिल्या सकाळी पंखा फिरला, थांबला.
बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, हीटरपाशी जेमतेम दहा.
सोबत आलेली वायर शेवयांसारखी बारीक.
जाड घातली.
मग पांढरा धूर, गल्लीभर.
समोरचा टायरवाला: "उस्ताद, डास मारताय का?"
पंप आडवा बसला होता.
आडव्या पंपात बुडबुडा लोळत पडतो,
ठोका वाजतो, डिझेल पोचत नाही.
तोंड वर करून तिरपा बांधला. धूर गेला.

दुपारी सर पैसे घेऊन आले
तर हीटर ढिम्म.
दिवा हिरवा, चूक कुठलीच नाही, पेटत मात्र नाही.
मी परत सगळं उघडलं. ग्लो प्लग बघितला,
फ्यूज बघितला, मोईनला उगाच ओरडलो.
संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कळलं,
गाडीत चव्वेचाळीस, हीटरला सांगितलेत तीस.
त्याचं म्हणणं एवढंच, की
गरज काय?
आणि खरंच, होती कुठे?

शैलाताई उसाचा रस पीत उभ्या होत्या.
ग्लासातला बर्फ त्यांनी बोटांनी काढला,
रुमालात बांधला,
"तो सेन्सर कुठला म्हणालात?"
आणि धरला त्याला, तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.

टिक.
टिक. टिक.
मग आतून घरघर, विमान लांबून यावं तशी,
आणि जाळीतून गरम झोत.
नाना पेठेत, मे महिन्यात, काचा वर करून
आम्ही चौघं त्या गाडीत बसलो.
घाम हनुवटीवरून टपटपत होता.
कुणीच दार उघडेना.

जूनच्या शेवटी, रात्री पावणेअकराला फोन.
कुठल्याशा खिंडीच्या अलीकडून. बाहेर उणे चार.
"लाल दिवा लागतोय. काळा धूर." शैलाताईंचा आवाज,
सर टॉर्च धरून होते म्हणे.
हवा पातळ झालीय, म्हटलं, डिझेल तेवढंच जातंय,
काजळी धरतोय तो. पंपाचे ठोके कमी करा.
डावं बटण दाबून धरा. अजून. आता फोन पंपाजवळ न्या.

टिक.

टिक.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मोजत होतो,
सतरापर्यंत आलो
आणि रेंज गेली.

परत लावला, लागला नाही.
बाहेर रिपरिप चालू होती, मोईन शटर ओढत होता.
मी क्लॅम्प आठवत बसलो, एकेक,
दोघांची बोटं कुठे कुठे पडली होती ते.

सकाळी साडेआठला मेसेज आला:
"झोप लागली. मध्यरात्री स्वेटर काढला.
रसवाल्याचे बर्फाचे वीस रुपये राहिलेत,
तुम्ही देऊन टाका."